भार जातो कुठे? रोमच्या घुमटांखाली शिकलेल्या गोष्टी

सोलापूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी आयुष्यभर स्ट्रक्चर्स शिकवलं. बीम, कॉलम, कमान आणि सगळ्यात शेवटी घुमट. अभ्यासक्रमात घुमटाच्या वाट्याला जेमतेम दीड पान यायचं आणि मुलं तेही ऑप्शनला टाकायची. मी निवृत्त झाले, लेक नोकरीनिमित्त रोमला स्थायिक झाली आणि तिच्याकडे माझं जाऊन राहणं सुरू झालं. ती सकाळी कामाला गेली की पाण्याची बाटली, छोटी दुर्बीण आणि वही पिशवीत टाकून मी बाहेर पडायची आणि एखाद्या घुमटाखाली जाऊन बसायची.

आता ओळखीतलं कुणी युरोपच्या टूरला निघालं की माझ्याकडे विचारणा होते, रोममध्ये काय काय बघू? काय काय बघायचं याची यादी टूरवाले देतातच. मला सांगायचंय ते घुमट बघावा कसा, याबद्दल. एवढं वजन माथ्यावर असताना ते जमिनीपर्यंत उतरतं कुठून, हा एक प्रश्न मनात ठेवून आत शिरा. एवढं केलं तरी पुष्कळ झालं. त्या प्रश्नाच्या मागे गेलं की चित्रं, सोनं आणि संगमरवर यांचाही अर्थ जास्त लागतो, असा माझा अनुभव आहे.

१. वर बघण्याआधी भिंत बघा

पँथिऑनमध्ये पाऊल टाकलं की प्रत्येकाची मान आपोआप वर जाते. जाऊ द्या, पण त्याआधी बाहेरून एक चक्कर मारा. बाजूच्या गल्लीत उभं राहिलं की विटांची उघडी भिंत दिसते आणि त्या भिंतीत, जिथे ना दार ना खिडकी, तिथे विटांच्या मोठमोठ्या कमानी चिणलेल्या दिसतात. या कमानी शोभेच्या नाहीत. भिंतीच्या पोटात जागोजाग कोनाडे आणि पोकळ्या आहेत. वरून येणारं वजन त्या पोकळ्यांना टाळून भक्कम भागावर उतरावं, म्हणून ही सोय केलेली आहे. भिंत सुमारे ६ मीटर जाड आहे. दारातून आत जाताना ही जाडी पायांना कळते.

सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२५ च्या आसपास ही इमारत पुरी झाली. दर्शनी पट्टीवर नाव आहे ते मार्कस अग्रिप्पाचं, कारण त्याने याच जागी आधी बांधलेलं देऊळ जळालं होतं आणि हेड्रियनने जुन्या कर्त्याचं नाव राहू दिलं. घुमटाचा आतला व्यास सुमारे ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे आत एक पूर्ण गोल बसेल आणि तो जमिनीला टेकेल. या घुमटात लोखंडाची एक सळई नाही. बिनसळईच्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही.

हे साधलं कशाने? एक म्हणजे मालाने. चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली की पाण्यातही घट्ट होणारा मसाला तयार होतो, हे रोमन गवंड्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे जुन्या बांधकामात चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची भुकटी, घालत. तिचा गुणही त्याच जातीचा. दुसरं, आणि मला जास्त भावलेलं, म्हणजे खडीची निवड. खाली जड दगड, मधल्या थरांत विटांचे तुकडे आणि माथ्याकडे ज्वालामुखीतून निघालेला सच्छिद्र, हलका दगड. घुमटाची जाडीसुद्धा तळाशी सुमारे ६ मीटर असते ती माथ्यापाशी सव्वा मीटरच्या आत येते. वर जाल तसं वजन कमी. आतून दिसणारे चौकोनी खण, २८ खणांच्या ५ रांगा, डोळ्यांना आवडतात आणि थोडा भारही कमी करतात.

मग प्रश्न उरतो माथ्यावरच्या उघड्या भोकाचा. सुमारे ९ मीटर रुंदीचं ते भोक बघून बहुतेकांना वाटतं, की हीच या घुमटाची नाजूक जागा. खरं तर ती सगळ्यात निर्धास्त जागा आहे. भोकाच्या काठाचं कडं चहूबाजूंनी सारखं दाबलं जातं आणि दाब सोसणं हे तर दगडविटांचं बळ. शिवाय सगळ्यात वरचं वजन तिथे ठेवलेलंच नाही.

२. पाऊस आला तर सगळं सोडून पँथिऑनकडे जा

आत पाऊस पडत नाही, गरम हवा तो वरच्या वर अडवते, असं गाइड ठोकून देतात. विश्वास ठेवू नका. पाऊस आत पडतो आणि चांगला पडतो. मधल्या जागेला दोरी लावतात, लोक भिंतीकडे सरकतात आणि उजेडाच्या झोतातून थेंब उतरताना दिसतात. संगमरवरी जमीन मधे किंचित फुगीर आहे, पाणी बाजूला ओघळतं आणि फरशीतल्या २२ बारीक छिद्रांतून निघून जातं. ती छिद्रं शोधा. पर्यटक राफाएलच्या थडग्याचे फोटो काढतात. तेही बघावं, पण निचऱ्याची ही व्यवस्था मला तितकीच आदराची वाटते.

आणि आणखी एक सांगते. ही इमारत उभी राहिली ती वापरात राहिली म्हणूनही. इ.स. ६०९ मध्ये पोप चौथा बोनिफेस याने तिचं चर्च केलं. तेव्हापासून तिला धनी आहे, झाडलोट आहे, दुरुस्ती आहे. पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या रविवारी आजही अग्निशमन दलाचे जवान घुमटावर चढून त्या भोकातून गुलाबाच्या पाकळ्या खाली सोडतात.

३. तडा गेला म्हणजे घुमट गेला, असं नाही

हा मुद्दा मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण वर्गात तो कधी मनासारखा शिकवता आला नाही, वेळच नसायचा.

अर्धगोल घुमटाचे आडवे पट्टे कल्पा, एकावर एक ठेवलेली कडी. माथ्याकडची कडी वरच्या भाराने आवळली जातात. खाली मात्र घुमट बाहेर फुगू बघतो आणि तिथली कडी ताणली जातात. माथ्याच्या उभ्या रेषेपासून सुमारे ५२ अंशांवर दाब संपतो आणि ताण सुरू होतो. दगड, वीट, चुना हे सगळे दाबाला खंबीर आणि ताणाला कच्चे. म्हणून जुन्या घुमटांना खालच्या भागात उभे तडे जातात. पँथिऑनलाही गेलेले आहेत. तडे गेले की घुमट सलग राहत नाही. एकमेकांना माथ्यापाशी टेकलेल्या कमानींचा समूह होतो आणि तसा तो शतकानुशतकं उभा राहू शकतो, फक्त खालचा आधार बाहेर सरकता कामा नये. पँथिऑनच्या सहा मीटरच्या भिंती तो सरकू देत नाहीत.

व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चची गोष्ट वेगळी. तिथला घुमट जमिनीवरच्या जाड भिंतीवर बसलेला नाही. चार प्रचंड खांब, प्रत्येकाचा घेर सत्तर मीटरच्या वर. त्यांच्यावर कमानी, कमानींवर खिडक्यांची उंच गोल भिंत आणि तिच्यावर घुमट. क्रॉसच्या टोकापर्यंत उंची सुमारे १३६ मीटर. इतक्या वर गेल्यावर बाहेरच्या रेट्याला अडवायला सहा मीटरची भिंत कुठून आणणार? बांधतानाच लोखंडी कडी बसवली होती, पण ती पुरली नाहीत. अठराव्या शतकात तडे इतके वाढले की शहरात घबराट पसरली.

तेव्हाचे पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी जे केलं, ते मला फार मोठं वाटतं. त्यांनी गणितज्ञांना बोलावलं. ल स्यूर, जाकिए आणि बोस्कोविच या तिघांनी १७४२ मध्ये अहवाल दिला : रेटा जास्त आहे, आवळून धरणारं बळ कमी आहे, आणखी कडी घाला. त्यांच्यावर टीकाही झाली. मायकेलअँजेलोने गणिताशिवाय घुमट उभा केला, मग त्याच्या दुरुस्तीला गणित कशाला, असा सूर होता. पुढे पोपनी पाडुआच्या विद्यापीठातून जोव्हान्नी पोलेनी या प्राध्यापकाला बोलावलं. पोलेनीने घुमटाच्या पन्नास उभ्या फाकी कल्पिल्या. एका फाकीच्या निरनिराळ्या भागांचं वजन काढलं, त्या प्रमाणात कमीजास्त वजनाचे मणी एका लवचिक साखळीत अडकवले आणि ती साखळी दोन टोकांना धरून लोंबती सोडली. लोंबणाऱ्या साखळीत निव्वळ ताण असतो. तिचा आकार तसाच उलटा केला की निव्वळ दाबाची रेषा मिळते. हे तत्त्व रॉबर्ट हुक याने आधीच्या शतकात मांडलेलं होतं. पोलेनीने ती उलटी रेषा घुमटाच्या छेदावर ठेवून बघितली, तर ती घुमटाच्या जाडीच्या आतच राहत होती. अर्थात घुमट मुळात सुरक्षित होता. तरीही सावधगिरी म्हणून कडी घालावीत, असं त्यानेही सांगितलं.

लुइजी व्हानव्हितेल्ली या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली १७४३ आणि १७४४ मध्ये पाच लोखंडी कडी चढवण्यात आली. जुन्या कड्यांपैकी एक तुटलेलं निघालं, म्हणून १७४८ मध्ये सहावं घातलं. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतो, काम तेच. फरक इतकाच, की धाव तापवून चढवतात आणि ती गार होताना आवळते. इथे कड्यांचे तुकडे जोडून पाचरी ठोकत आवळले. ती कडी आजही आपलं काम करत आहेत. स्थापत्य शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पोलेनीची साखळी एकदा तरी हाताने करायला द्यावी. दोरा आणि काचेचे मणी एवढाच खर्च.

४. सेंट पीटर्सचा घुमट मागून बघा

चौकात उभं राहून फोटो काढला की घुमट अर्धाच येतो आणि लोक हिरमुसतात. दोष कॅमेऱ्याचा नाही. मायकेलअँजेलोच्या मनातलं चर्च चारही बाजूंनी सारखं होतं आणि घुमट त्याच्या बरोब्बर मधे. १६०७ नंतर कार्लो मादेर्नोने पुढे लांब सभागृह आणि रुंद दर्शनी भाग जोडला. हजारो लोकांची प्रार्थनेची सोय झाली आणि जवळून घुमटाचं दर्शन मात्र गेलं. माझं मत विचाराल तर हा सौदा महागात पडला.

जानिकोलो टेकडीवर जा. दुपारी बाराला तिथे रोज तोफ उडते, तेव्हा तीही ऐकून घ्या. संध्याकाळी पिंचोच्या गच्चीवर जा. अव्हेंटाइन टेकडीवर माल्टाच्या सरदारांच्या वाड्याचं बंद दार आहे. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला की दोन्हीकडच्या हिरव्या कुंपणांमधून नेमका घुमट दिसतो. रांग असते, पण भराभर सरकते. आणि व्हिया पिकोलोमिनी हा रस्ता चुकवू नका. त्याच्या लांबच्या टोकाला घुमट रस्त्यावर येऊन बसल्यासारखा अजस्र दिसतो आणि जसजसे जवळ जाल तसतसा लहान होत जातो. सुरुवातीला दोन्ही बाजूंच्या घरांच्या चौकटीत तो एकटाच असतो. पुढे कठड्यापाशी सगळं आकाश आणि शहर उघडतं आणि त्याच्या तुलनेत तो आक्रसतो. मी लेकीला घेऊन तिथे पुढेमागे चालत राहिले होते आणि येणारे-जाणारे रोमकरही हसून हाताने खूण करत होते, अजून पुढे जा म्हणून. ते या घुमटाला कुपोलोने म्हणतात, थोरला घुमट.

५. गुडघे बरे असतील तर दोन घुमटांच्या मधून चढा

वरपर्यंत ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तर छपरापर्यंतचा टप्पा वाचतो आणि ३२० उरतात. त्या ३२० मात्र सुटत नाहीत. हृदयाचा त्रास असेल, कोंडल्यासारखं होत असेल, तर छपरावरच थांबा. तिथूनही घुमट अगदी जवळून बघता येतो.

बाहेरून दिसणारा घुमट आणि आतून दिसणारा घुमट हे दोन वेगळे आहेत. त्यांच्या मधल्या पोकळीतून जिना जातो. सुरुवातीला भिंती सरळ असतात. मग उजवीकडची भिंत हळूहळू अंगावर यायला लागते. पायऱ्या सरळ, भिंत कललेली. शरीर आपोआप एका बाजूला झुकतं, एक खांदा भिंतीला घासतो. घुमटाचा बाक तुमच्या पाठीच्या कण्याला समजतो. फळ्यावर मी तो बाक खडूने किती वेळा काढला असेल. त्या जिन्यात तो अंगाला कळला. अगदी शेवटच्या गोल जिन्यात कठड्याऐवजी मधोमध एक जाड दोर लोंबत असतो, त्याला धरून चढायचं.

वाटेत घुमटाच्या आतल्या सज्जात आणतात. तिथे थांबा. खालून जी चित्रं वाटतात, ती जवळून बघितल्यावर मोझाइकचे जाडेभरडे तुकडे निघतात, फटी दिसतील असे. काव्हालिएरे द’आर्पिनो याने रेखाटलेल्या या आकृती खालून, सत्तर-ऐंशी मीटरवरून बघायच्या म्हणूनच केल्या आहेत. तिथे बारीक नक्षी करणं म्हणजे मेहनत वाया घालवणं, हे त्या कारागिरांना कळत होतं.

६. एकाच माणसाचं नाव घेऊन मोकळं होऊ नका

‘मायकेलअँजेलोचा घुमट’ हे म्हणणं खरं आहे, पण पूर्ण नाही. १५४७ मध्ये हे काम त्याच्या गळ्यात पडलं तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. १५६४ मध्ये तो गेला तेव्हा खिडक्यांची गोल भिंत जवळपास झाली होती. घुमटाचा पत्ताच नव्हता. पुढची चोवीस वर्षं काम रखडलं. मग जाकोमो देल्ला पोर्ता आणि दोमेनिको फोंताना यांनी १५८८ ते १५९० या काळात, दोन वर्षांच्या आत, घुमट चढवला. मायकेलअँजेलोच्या लाकडी नमुन्यातल्या अर्धगोलापेक्षा देल्ला पोर्ताने तो उंच आणि निमुळता केला. उंच घुमटाचा बाहेरचा रेटा कमी असतो, म्हणून इंजिनीअर म्हणून मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. तिसऱ्या मुद्द्यातले पोलेनी आणि व्हानव्हितेल्ली यांनाही या घुमटाच्या कर्त्यांत धरायला हवं. आणि सांपिएत्रीनी म्हणून ओळखली जाणारी, या चर्चच्या देखभालीला पिढ्यानपिढ्या वाहिलेली कामगार मंडळीही.

७. चौकोनावर गोल कसा बसवला, ते कोपऱ्यात शोधा

सोलापूरहून विजापूर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गोलघुमट मी लहानपणापासून बघत आले. सुमारे ३८ मीटर आतल्या व्यासाचा तो घुमट चौकोनी दालनावर बसलेला आहे आणि चौकोनातून गोलाकडे जाण्यासाठी तिथे एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची अफलातून योजना आहे. रोममध्ये मी तोच प्रश्न घेऊन फिरले. पँथिऑनने प्रश्नच येऊ दिला नाही : गोलावर गोल. नंतरच्या चर्चांनी बायझंटाइन वाट धरली. चार कमानींच्या मधे, चार कोपऱ्यांत, वरच्या बाजूला रुंद आणि खाली टोकदार असे चार वक्र त्रिकोण. घुमटाचं सगळं वजन त्या त्रिकोणांवरून आणि कमानींवरून चार खांबांत उतरतं. कोणत्याही चर्चमध्ये हे चार कोपरे आधी हेरा. बहुतेक वेळा तिथे बायबलमधले चार शुभवर्तमानकार रंगवलेले असतात. भार ज्यांच्यावर, त्यांचीच चित्रं.

हे शिकायला सान्तान्द्रेआ देल्ला व्हाल्ले हे चर्च उत्तम. घुमट मादेर्नोचा, रोमच्या सगळ्यात उंच घुमटांपैकी एक. कोपऱ्यांतले शुभवर्तमानकार दोमेनिकिनोचे, ठाम आणि जड. त्यांच्यावर, घुमटाच्या पोटात, जोव्हान्नी लानफ्रांकोने १६२५ ते १६२७ मध्ये रंगवलेला स्वर्ग; ढग, माणसं, देवदूत यांची कडी फिरत फिरत वरच्या उजेडाकडे जातात आणि छत म्हणून काही उरत नाही. पुढे सबंध शतकभर रोमच्या चित्रकारांनी हीच वाट गिरवली. दुर्बीण इथे काढा. बाकावर मागे टेकून बसा, उभं राहून बघू नका. मान दुखायला लागली की डोळे थांबतात.

८. लहान घुमटांना जास्त वेळ द्या

क्वात्रो फोंताने चौकातलं सान कार्लो. सेंट पीटर्सच्या घुमटाच्या एका खांबात मावेल एवढं, असं रोममध्ये सांगतात. फ्रान्चेस्को बोरोमिनीने ते १६३८ ते १६४१ मध्ये बांधलं. घुमट लंबगोल आहे. पोटात क्रॉस, षट्कोन, अष्टकोन असे खोल खण एकमेकांत गुंतवलेले, आणि माथ्याकडे ते लहान लहान होत जातात, त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच भासतो. तळाशी खिडक्या अशा दडवल्या आहेत की उजेड येतो, पण येतो कुठून ते दिसत नाही. रंग पांढरा, सोनं नाही, महाग दगड नाही. बांधून घेणाऱ्या स्पॅनिश साधूंकडे पैसा थोडका होता. त्याच रस्त्यावर दोन मिनिटांवर बेर्निनीचं सान्तान्द्रेआ अल क्विरिनाले आहे, तेही लंबगोल, पण संगमरवर आणि सोन्याने लखलखणारं. दोन्ही एकाच सकाळी बघा. पसंती विचारली तर मी ती बोरोमिनीला देते आणि त्यात मला शंका नाही.

त्याचंच सान्तिव्हो अल्ला सापिएन्झा बहुधा रविवारी सकाळीच उघडं असतं, तेवढं बघून बेत आखा. जमिनीवरचा चांदणीसारखा नकाशा भिंतींवरून थेट घुमटात चढतो आणि माथ्याला जाईपर्यंत गोल होतो. भिंत कुठे संपली आणि घुमट कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. बाहेरून माथ्यावर पेचदार शिखर आहे, तसं रोममध्ये दुसरं नाही.

९. नसलेला घुमटही बघा

सान्तिन्यात्सियो चर्चमध्ये मधोमध काळसर, खोल घुमट दिसतो. तो सपाट कापडावर रंगवलेला आहे. खरा घुमट बांधायचा राहून गेला, तेव्हा १६८५ मध्ये आंद्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकाराने ही वाट काढली. फरशीवर खूण केलेली आहे. तिच्यावर उभं राहा, घुमट दिसेल, मग सरळ पुढे चालत जा आणि वर बघत राहा. खांब कलंडतात, घुमट मोडून पडतो. हल्ली तिथे एक तिरपा आरसा ठेवलेला आहे आणि सेल्फीसाठी लांब रांग लागते. रांगेत उभं राहू नका, नुसतं चाला.

पियात्सा देल पोपोलोमधली जुळी चर्चही डोळ्यांची अशीच परीक्षा घेतात. एकाचा भूखंड अरुंद, दुसऱ्याचा रुंद. म्हणून कार्लो राइनाल्दीच्या आराखड्यात एक चर्च गोल आणि दुसरं लंबगोल झालं आणि चौकातून बघताना मात्र दोन्ही घुमट सारखे दिसतात.

१०. पडका घुमट आणि चौकोनी घुमट

आगगाडी तेर्मिनी स्थानकात शिरताना रुळांलगत एक दहा कोनांचा पडका विटकरी डोलारा दिसतो. मिनर्व्हा मेदिकाचं देऊळ म्हणतात, पण ते देऊळ नव्हतं; चौथ्या शतकातल्या कुणा श्रीमंताच्या बागेतलं दालन होतं. अर्धा घुमट पडल्यामुळे आतला विटांचा सांगाडा उघडा पडला आहे. निरोगी घुमट जे लपवतो ते इथे फुकट दिसतं. गाडीतून उतरायच्या गडबडीत चुकवू नका.

टायबर नदीकाठच्या ज्यू प्रार्थनामंदिराचा घुमट चौकोनी आहे, १९०४ चा. त्याची गोष्ट मला फार लागली. १५५५ मध्ये पोप चौथा पॉल याने रोमच्या ज्यू लोकांना भिंतीआड कोंडलं. तीनशेहून अधिक वर्षांनी, १८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात आलं आणि त्यांना समान हक्क मिळाले. मग कोंडवाड्याची जुनी वस्ती पाडून त्या जागी हे मंदिर उभं राहिलं. शेकडो गोल घुमटांच्या शहरात त्यांनी जाणूनबुजून वेगळा आकार निवडला आणि तोही लांबून दिसेल इतका उंच. टेकडीवरून शहर बघताना तो घुमट पटकन ओळखू येतो. ज्यांनी बांधला त्यांना नेमकं तेच हवं होतं.

११. परतल्यावर जुन्या गोव्याला जा

तो चौथा पॉल पोप होण्याआधी जान पिएत्रो काराफा होता आणि १५२४ मध्ये संत कायेतानोबरोबर त्याने थिएटाइन संघ स्थापन केला. वर सांगितलेलं सान्तान्द्रेआ देल्ला व्हाल्ले हे त्याच संघाचं रोममधलं मुख्य चर्च. या संघाचे इटालियन साधू १६४० मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मांडवीच्या काठाजवळ, व्हाइसरॉयच्या कमानीपासून जवळच, चर्च बांधलं. १६६१ च्या सुमारास ते पूर्ण झालं. दर्शनी भागावर रोमच्या सेंट पीटर्सची छाप स्पष्ट आहे आणि आत चार खांबांवर, चार कोपऱ्यांतल्या वक्र त्रिकोणांवर तोललेला खरा घुमट आहे. लोक त्याला सेंट कॅजेटनचं चर्च म्हणतात.

सोलापूर-पुण्याहून गोवा रात्रीच्या बसने गाठता येतं. व्हिसा लागत नाही. बॉम जेझूसला आणि से कॅथेड्रलला गर्दी असते, इथे बहुतेक वेळा शांत असतं. घुमटाखाली जमिनीत एक झाकलेली विहीर आहे, तिच्यापाशी उभे राहा. आधी चारही कोपरे बघा, मग खांब, मग वर. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच विचारा, भार जातो कुठे. आणि बोटाने दाखवायला सांगा.